दुपारी झोपवू नका म्हणणाऱ्या आईबाबांसाठी

डब्याच्या पिशवीत चिठ्ठी, व्हॉट्सॲपवर मेसेज, नाहीतर दारात चपला घालता घालता, पण आमच्या पाळणाघरात आठवड्यातून दोघंतिघं तरी सांगतातच की काकू आज त्याला दुपारी झोपवू नका, रात्री बारा वाजवतो. प्रत्येकाला वेगळं समजावण्यापेक्षा एकदाच लिहून देतेय. हे मुख्यतः दीड ते तीन वर्षांच्या मुलांबद्दल आहे, मोठ्यांचं पुढे सांगते.

आधी हिशोब बघा. एक-दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत 11 ते 14 तास झोप लागते, तीन-चार वर्षांच्याला 10 ते 13, आणि हे दुपारची झोप धरून. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सांगितलेले आकडे आहेत, माझ्या मनाचे नाहीत. आपल्याकडे काय होतं, रात्री साडेअकराला झोप आणि तुम्हाला लोकल पकडायची म्हणून सकाळी सातला उठवणार, झाले साडेसात तास. त्यातून दुपारचे दोन तासही काढून घेतले तर राहिलं काय? आणि झोप कमी पडलेलं मूल शांत होऊन पडत नाही हो, ते उलट सोफ्यावरून उड्या मारतं, कारण नसताना रडतं, आणि घरचे म्हणतात बघा याला अजून झोपच आली नाही. आली होती, आठ वाजता येऊन गेली.

खरा घोळ आहे तो संध्याकाळच्या डुलकीत. तुमच्या सांगण्यावरून जागं ठेवलं की ते साडेपाचपासून पेंगायला लागतं, तुम्ही साडेसहा-सातला न्यायला येता, रिक्षात बसल्या बसल्या खांद्यावर झोप, आणि घरी गेल्यावर तुम्हीही झोपू देता कारण तेवढ्यात कुकर लावून होतो, पोळ्या होतात (साहजिक आहे, दिवसभर दमून आल्यावर कोण उठवेल). पण ती वीस मिनिटं म्हणजे जेवणाच्या तोंडावर वडापाव खाल्ल्यासारखं आहे, नंतर साडेनऊला अंथरूण घातलं तरी झोप येणार कुठून. याउलट दुपारी एक ते अडीच झोपलेलं मूल साडेआठ-नऊपर्यंत सहा तास जागं असतं, मग ते आपणहून आडवं होतं. म्हणून आम्ही तीननंतर कुणालाच झोपू देत नाही, पडदे उघडतो, तोंड धुतो, खाऊ देतो. थोडी रडतात, चालतं.

मावश्यांना आराम मिळावा म्हणून झोपवता असंही ऐकून झालंय. एकदा दुपारी दीडला येऊन बघा, एक झोपला की दुसरा उठतो, मध्ये बाटल्या उकळायच्या, दुपट्यांच्या घड्या, डायरी लिहायची. आराम वगैरे काही नसतो!

घरी काय कराल? सकाळची उठायची वेळ बांधा, रविवारीसुद्धा, सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. रविवारी दहापर्यंत लोळलेलं मूल सोमवारी इथे किती किरकिर करतं ते आम्हाला विचारा. रात्रीची वेळ एकदम दोन तास अलीकडे ओढू नका, दोनतीन दिवसांनी पंधरा-पंधरा मिनिटं आणा. झोपायच्या तासभर आधी ट्यूबलाइट आणि मोबाइल बंद, लहान मुलांची झोप उजेडाने फार पटकन पुढे जाते. आजी मालिका बघणारच असतील तर निदान वेगळ्या खोलीत झोपवा. संध्याकाळचा चहा-बिस्किट बंदच, घोटभर चहा झाला तरी तो चहाच. आणि बाबा साडेनऊला घरी येतात म्हणून त्यांच्यासाठी जागं ठेवायचं, हे मला कळतं, पण त्यापेक्षा सकाळची अंघोळ बाबांकडे द्या, दोघांनाही बरं वाटतं.

साडेतीन-चार वर्षांच्या पुढची काही मुलं दुपारी झोपेनाशी होतात, तेव्हा तुमचं म्हणणं बरोबर असतं. त्यांना आम्ही जबरदस्ती करत नाही, चटईवर पुस्तकं देऊन पडायला लावतो, किंवा पाऊण तासात उठवतो. रोज घोरणारं, तोंड उघडं टाकून झोपणारं मूल असेल तर मात्र वेळापत्रक बाजूला राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा.

किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं हे आम्ही रोज डायरीत लिहितो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. तुम्ही शेजारी रात्रीची वेळ लिहिलीत तर आठवड्याभरात कुठे चुकतंय ते एकत्र बसून बघता येतं. ज्यांना घरी पोचायला आठ होतात त्यांच्यासाठी संध्याकाळचं जेवणही सुरू केलंय, साडेसहाला मऊ वरणभात तूप नाहीतर खिचडी, म्हणजे घरी गेल्यावर हातपाय धुऊन, दात घासून थेट अंथरुणात. याचे पैसे वेगळे, महिन्याचे घेतलेत तर स्वस्त पडतं. एखाद्या दिवसापुरतं हवं असेल तर सकाळी सोडतानाच सांगा, चारनंतर फोन केलात तर डाळतांदूळ मोजून भिजत पडलेले असतात.