मॉडेल रेल्वेतील गाडी-शोधक सेन्सर आणि सिग्नल

मॉडेल रेल्वेच्या रुळावर गाडी कोठे आहे ते ओळखून रुळाकडेचे सिग्नल आपोआप बदलणारी विद्युत जोडणी. यासाठी मार्गाचे तुकडे, म्हणजे ब्लॉक पाडतात आणि त्यांच्या सीमेवर निदान एका रुळात प्लास्टिकचा सांधा घालून वीज तोडतात.

सर्वाधिक भरवशाची पद्धत प्रवाह मोजण्याची. ब्लॉककडे जाणाऱ्या तारेत उलटसुलट जोडलेले डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारे भाग) असतात. इंजिनाच्या मोटरने किंवा डब्यातल्या दिव्याने प्रवाह ओढला, की डायोडांवर सुमारे ०.७ व्होल्ट दिसतात आणि शोधक जागा होतो. गाडीला तेवढा विद्युत दाब कमी मिळतो. डीसीसी (रुळातूनच गाडीला डिजिटल आदेश देण्याच्या) पद्धतीत हा तोटा टाळण्यासाठी छोटा ट्रान्सफॉर्मर वापरता येतो. सरळ डीसीवर, म्हणजे एकदिश प्रवाहावर, तो चालत नाही. साध्या डब्यांची चाके मात्र प्रवाह घेत नाहीत. गाडी तुटून मागचे डबे राहिले तरी ब्लॉक रिकामा दिसतो. म्हणून निदान शेवटच्या डब्याच्या आसावर १० किलोओहमचा रोध बसवावाच. १४ व्होल्टला त्यातून १.४ मिलिअँपिअर वाहतात.

इन्फ्रारेड सेन्सर फक्त एक बिंदू पाहतो. त्याचा किरण रुळाला तिरपा ठेवला, तर दोन डब्यांमधल्या फटीने फसगत होत नाही.

खऱ्या रेल्वेसाठी अमेरिकन संशोधक विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये काढलेल्या रूळ-परिपथात (रुळांतूनच वीज खेळवून गाडी ओळखणाऱ्या जोडणीत) गाडी आली की रिले, म्हणजे विजेने ओढून धरलेला स्विच, सुटतो. तार तुटली तरी तो सुटतो आणि सिग्नल लाल होतो. मॉडेलमध्ये बहुधा उलटे घडते: शोधक ‘गाडी आहे’ एवढेच कळवतो, त्यामुळे त्याची तार निसटली की हिरवा दिवा लागतो. खेळण्यातही हे चुकीचेच. शोधकापाशीच संकेत उलटवून ‘मार्ग मोकळा’ हा संदेश पाठवावा. तो आला नाही तर लाल.

मळकट चाकांमुळे सिग्नल लुकलुकतो. ब्लॉक मोकळा ठरवताना एक-दोन सेकंद थांबले की ते बंद होते. लाल होताना विलंब नसावा. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रोध लागतो, १२ व्होल्टला १ किलोओहम पुरतो. शोधकाचे टोक ओपन कलेक्टर (फक्त ऋण बाजूला जोडणारे) असल्यास सामाईक अ‍ॅनोडचे, म्हणजे सर्व दिव्यांची धन बाजू एकत्र असलेले, सिग्नल घ्यावेत. पिवळ्या दिव्यासाठी पुढच्या ब्लॉकचीही खबर लागते: आपला मोकळा, पुढचा व्यापलेला, तेव्हाच पिवळा.