सेफेपीम, किडनी आणि न दिसणारे झटके : पार्श्वभूमी

पेनिसिलिन थेट मेंदूवर पडले तर झटके (फिट) येतात, हे १९४०च्या दशकातच प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले होते. मेंदूतील पेशींना आवर घालणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचे काम पेनिसिलिन आणि त्याच्या जातकुळीतील अँटिबायोटिक्स अडवतात. १९८०च्या दशकात इमिपेनेम हे याच जातकुळीतील औषध आले आणि प्रश्न प्रयोगशाळेतून वॉर्डात पोहोचला. मेंदूज्वराच्या मुलांवरील त्याची एक चाचणी झटक्यांमुळेच थांबवावी लागली.

खरा वाद मात्र सेफेपीम या त्याच जातकुळीतील अँटिबायोटिकचा. १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे इंजेक्शन बहुतांशी लघवीवाटे जसेच्या तसे बाहेर पडते. किडनी अधू असली की ते साचते. त्याने येणारा झटका बऱ्याचदा झटक्यासारखा दिसतच नाही. हातपाय आखडत नाहीत, तोंडाला फेस येत नाही. रुग्ण गुंगीत पडून राहतो, असंबद्ध बोलतो, घरच्यांना ओळखत नाही. ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत हालचालींचा आलेख, काढल्याशिवाय निदान होत नाही. वयस्कर माणूस, त्यात ताप. ‘इन्फेक्शनमुळेच भ्रम झालाय’ असे समजून तेच इंजेक्शन चालू राहते.

जून २०१२ मध्ये अमेरिकी औषध नियामकाने अशा ५९ नोंदींच्या आधारे इशारा दिला. जवळपास सगळ्यांची किडनी अधू होती आणि बहुतेकांचा डोस त्या मानाने कमी केलेला नव्हता. म्हणजे दोष डोसाचा, औषधाचा नाही, असा अर्थ अनेकांनी काढला. तो अपुरा आहे. डोस बरोबर असूनही भ्रम आणि झटके आल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. शिवाय किडनीचे काम ज्यावरून जोखतात तो रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा किडनीच्या मागून धावतो. सकाळच्या रिपोर्टवर बेतलेला डोस संध्याकाळी जास्त ठरू शकतो.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा, पहिल्या दोन दिवसांत बिघडलेली किडनी पुष्कळदा सावरते. घाईने डोस कापला तर जंतू आटोक्यात येत नाहीत आणि माणूस संसर्गानेच दगावू शकतो. म्हणून सुरुवातीला पूर्ण डोस द्यावा, असे सांगणारे डॉक्टर बेफिकीर नाहीत.

२०२३ मध्ये सुमारे अडीच हजार रुग्णांवरील चाचणीत सेफेपीमची पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम या दुसऱ्या अँटिबायोटिकशी तुलना झाली. दुसऱ्या औषधाने किडनी जास्त बिघडते, ही भीती तिथे खरी ठरली नाही; सेफेपीमच्या गटात मात्र भ्रम आणि बेशुद्धी किंचित जास्त आढळली. त्यानंतर रक्तातील सेफेपीमची पातळी मोजूनच डोस ठरवावा, या मागणीला जोर आला आहे.