पार्श्वभूमी : मॉर्फिन आणि कर्करोगाच्या रक्तवाहिन्या

मॉर्फिन या तीव्र वेदनेवरच्या औषधाने कर्करोग वाढतो का, हा प्रश्न रुग्णाच्या नातेवाइकांना घाबरवतो. तो आला कुठून, हे पाहायला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जावं लागतं.

अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत ज्यूडा फोकमन हे तरुण सर्जन सशाची थायरॉईड ग्रंथी शरीराबाहेर जिवंत ठेवून तिच्यात कर्करोगाच्या पेशी सोडत होते. गाठ धरायची, पण एक-दोन मिलिमीटरची झाली की थांबायची. तीच उंदराच्या अंगात घातली की झपाट्याने फोफावायची, कारण तिथे तिच्याकडे नव्या रक्तवाहिन्या येत. गाठ स्वतःच या वाहिन्या ओढून घेते आणि त्या रोखल्या तर तीही रोखता येईल, असं फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. बरीच वर्षं फार थोड्यांनी ते मनावर घेतलं. याच तत्त्वावरचं बेव्हासिझुमॅब हे कर्करोगावरचं औषध २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

दरम्यान १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी पायरीपायरीने औषधं वाढवण्याची पद्धत सांगितली होती. तिच्या शेवटच्या पायरीवर मॉर्फिन होतं. आणि २००२ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या कल्पना गुप्ता व सहकाऱ्यांनी दाखवलं, की मॉर्फिन दिलेल्या उंदरांच्या स्तनातल्या गाठींत रक्तवाहिन्या वाढतात आणि गाठीही वाढतात. वाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी मॉर्फिनला थेट प्रतिसाद देत होत्या. पुढे शिकागोतल्या संशोधकांना मेथिलनाल्ट्रेक्सोन हा परिणाम प्रयोगशाळेत रोखतं असं आढळलं. ते मुळात मॉर्फिनमुळे होणाऱ्या बद्धकोष्ठतेवरचं औषध. मेंदूत फारसं शिरत नसल्याने वेदनाशमन टिकून राहतं.

पण दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे, आणि माझ्या मते ती फार कमी सांगितली जाते. शस्त्रक्रिया झालेल्या उंदरांत कर्करोग जास्त पसरतो, आणि मॉर्फिन दिलं तर ते पसरणं कमी होतं, असं १९९३ मध्येच दिसलं होतं. म्हणजे वेदना तशीच सोसायला लावणंही निर्धोक नाही.

माणसांतला मोठा पुरावा २०१९ मध्ये आला. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत ओपिऑइडची, म्हणजे मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांची, गरज कमी करणारी, पाठीतून दिलेली भूल आणि नेहमीची संपूर्ण भूल यांची २,१०० हून अधिक स्त्रियांमध्ये तुलना झाली. कर्करोग पुन्हा होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सुमारे १० टक्केच निघालं. अर्थात ही चाचणी शस्त्रक्रियेपुरती होती. महिनोन्महिने मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णांविषयी तिच्यावरून काही ठरवता येत नाही.