रक्तबळीचा आरोप

यहुदी लोक धार्मिक विधीसाठी ख्रिस्ती मुलांना ठार मारतात आणि त्यांचे रक्त वल्हांडण या सणाच्या बेखमीर भाकरीत किंवा औषधात घालतात, असा यहुदींवर शतकानुशतके केला गेलेला खोटा आरोप. बाराव्या शतकात पश्चिम यूरोपात तो आकाराला आला आणि विसाव्या शतकापर्यंत कत्तली, छळ व खोटे खटले यांना निमित्त ठरला. त्याला तिळमात्र आधार नाही. यहुदी धर्मशास्त्राने (लेवीय, अध्याय १७) प्राण्यांचेही रक्त सेवन करणे निषिद्ध ठरविले आहे. मांस शिजविण्यापूर्वी मीठ लावून त्यातील रक्त काढून टाकतात. रक्त वर्ज्य करण्याचा एवढा कटाक्ष असणाऱ्या समाजावरच हा आरोप लादला गेला.

उगम : जेरूसलेमच्या मंदिरात दरवर्षी एका ग्रीक माणसाला पोसून बळी देतात, ही आपिऑन या यहुदीविरोधी ग्रीक लेखकाने पसरविलेली कथा इ. स. पहिल्या शतकात यहुदी इतिहासकार जोसीफसने खोडून काढली होती. सिरियातील इन्मेस्टार येथे सुमारे ४१५ मध्ये एका ख्रिस्ती मुलाला यहुदींनी मारल्याची हकीकत चर्चचा इतिहासकार सॉक्रेटिस याने दिली आहे. मात्र या जुन्या कथांचा मध्ययुगीन आरोपाशी थेट दुवा सिद्ध झालेला नाही.

मध्ययुगीन परंपरेचा आरंभ सामान्यतः इंग्लंडमधील नॉरिच येथील घटनेपासून धरतात. ११४४ च्या ईस्टरच्या सुमारास कातडी कमावण्याचे काम शिकणाऱ्या विल्यम नावाच्या मुलाचे प्रेत शहराबाहेरील रानात सापडले. धर्मगुरू असलेल्या त्याच्या मावशीच्या नवऱ्याने यहुदींवर ठपका ठेवला. पण कोणाला शिक्षा झाली नाही आणि शेरिफने यहुदींना किल्ल्यात आश्रय दिला. पुढे मनमथचा टॉमस या मठवासीयाने विल्यमला हुतात्मा ठरविणारे चरित्र लिहिले. यहुदींचे प्रमुख दरवर्षी फ्रान्समधील नारबॉन येथे जमून कोणत्या देशात बळी द्यायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवितात, हे त्यातले विधान एका धर्मांतरित यहुद्याच्या तोंडी घातले आहे. या चरित्राची एकच हस्तलिखित प्रत उरली असून ती १८९६ मध्ये छापली गेली.

या चरित्राच्या काळावरच उगमाचा वाद अवलंबून आहे. इतिहासकार गॅव्हिन लँगम्यूरच्या मते पहिला भाग ११४९-५० मधला असून यहुदींनी विल्यमला वधस्तंभावर खिळून मारल्याची कल्पना टॉमसनेच निर्माण केली. जॉन मॅककुलोह याने लेखन ११५४ च्या आधीचे नसावे असे दाखविले. विल्यमची वार्ता त्यापूर्वीच जर्मनीत पोहोचली होती, असेही त्याचे म्हणणे. इंग्लंडमधील पीटरबरोच्या इतिवृत्तात सुमारे ११५५ मध्ये हीच हकीकत नोंदलेली आढळते. त्यामुळे टॉमस हा जनक नसून हाती आलेल्या अफवेला ग्रंथरूप देणारा होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ई. एम. रोझ हिने आणखी एका बाबीकडे लक्ष वेधले आहे. एका यहुदी सावकाराच्या खुनाचा आरोप असलेल्या कर्जबाजारी सरदाराचा बचाव करताना, ११५० च्या सुमारास नॉरिचच्या बिशपने विल्यमचे प्रकरण पुन्हा उकरून काढले. अफवा विरून का गेली नाही, याचे हे पटण्याजोगे स्पष्टीकरण आहे. इस्रायल युव्हाल याने १९९३ मध्ये वेगळेच मूळ सुचविले : १०९६ मध्ये धर्मयोद्ध्यांच्या हल्ल्यात सक्तीचा बाप्तिस्मा टाळण्यासाठी ऱ्हाइनकाठच्या काही यहुदींनी स्वतःची मुले मारली, त्याची ख्रिस्ती मनावर उमटलेली विकृत प्रतिमा म्हणजे हा आरोप. बळींच्याच वर्तनात आरोपाचे मूळ शोधणाऱ्या या मांडणीवर कडाडून टीका झाली.

टॉमसच्या कथेत रक्त गोळा करण्याचा उद्देश नाही. तो स्पष्टपणे प्रथम दिसतो तो जर्मनीतील फुल्डा येथे. १२३५ च्या नाताळात एका गिरणीवाल्याची पाच मुले मेली आणि त्यांचे रक्त काढून घेतल्याच्या संशयावरून ३४ (काही साधनांनुसार ३२) यहुदी मारले गेले. सम्राट दुसरा फ्रीड्रिख याने धर्मांतरित यहुदी विद्वानांकरवी चौकशी करवून १२३६ मध्ये यहुदींना निर्दोष ठरविले. १२४७ मध्ये पोप चौथा इनोसंट यानेही आरोप धिक्कारला आणि यहुदींची मालमत्ता लुबाडणे हा त्यामागील हेतू असल्याचे लिहिले. सम्राट आणि पोप या दोघांनी फेटाळूनही आरोप थांबला नाही.

प्रसार : फ्रान्समधील ब्ल्वा येथे ११७१ मध्ये प्रेतही सापडले नसताना तिसाहून अधिक यहुदींना जाळण्यात आले. इंग्लंडमधील लिंकन येथे १२५५ मध्ये राजा तिसरा हेन्री याने स्वतः लक्ष घालून १९ जणांना फाशी दिली. इटलीतील ट्रेंट येथे १४७५ मध्ये सायमन नावाच्या बालकाच्या मृत्यूवरून यहुदींचे हाल करून कबुलीजबाब काढले गेले. पोपने पाठविलेल्या प्रतिनिधीने या खटल्याविषयी शंका घेतली, तरी सायमनची पूजा रूढ झाली. नुकत्याच रुजलेल्या छपाईमुळे ही कथा चित्रांसह दूरवर गेली. स्पेनमधील ला ग्वार्दिया प्रकरणात (१४९१) कोणतेही मूल हरवल्याची नोंद नव्हती; त्यानंतर काही महिन्यांतच, १४९२ मध्ये, यहुदींच्या हकालपट्टीचा हुकूम निघाला.

दमास्कस येथे १८४० मध्ये कापुचिन या कॅथलिक संघाचा एक धर्मगुरू व त्याचा नोकर बेपत्ता झाल्यावर फ्रेंच वाणिज्यदूताच्या पुढाकाराने यहुदींचा छळ झाला. काही जण कोठडीत मेले. माँटिफिओरी व क्रेम्यू या यूरोपातील यहुदी पुढाऱ्यांच्या खटपटीने उरलेले सुटले आणि ऑटोमन सुलतानाने आरोपाचा निषेध करणारे फर्मान काढले. कीव्हमध्ये बेइलिस या यहुद्यावर याच आरोपावरून चाललेल्या खटल्यात (१९१३) ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले. नाझींच्या ‘डेर श्ट्युर्मर’ या पत्राने मे १९३४ मध्ये या आरोपावर खास अंक काढला.

ज्यूसंहारानंतरही हा आरोप संपला नाही. पोलंडमधील कील्त्से येथे ४ जुलै १९४६ रोजी, आपल्याला यहुदींनी तळघरात कोंडले होते, असे एका आठ वर्षांच्या मुलाने सांगितले. त्या इमारतीला तळघर नव्हते. तरीही जमाव, सैनिक व पोलीस यांनी छळछावण्यांतून वाचलेल्यांसह ४२ यहुदींची हत्या केली.

ट्रेंटच्या सायमनची पूजा कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये रद्द केली. यहुदींनी मारल्याचे मानले गेलेल्या, ऑस्ट्रियातील रिन येथील आंडर्ल या बालकाच्या पूजेवर तेथील बिशपने १९९४ मध्ये बंदी घातली. काही भाविक त्यानंतरही तेथे जात राहिले.