‘अ‍ॅक्युझेटिव्ह’ विभक्ती कुणावर आरोप करते?

लॅटिनच्या द्वितीयेला ‘अ‍ॅक्युझेटिव्ह’ म्हणतात, कारण क्रिया कर्मावर जणू ठपका ठेवते, असं सर्रास सांगितलं जातं. ही मागाहून जुळवलेली गोष्ट. मूळ ग्रीक नाव ‘आइतिआतिके’. ‘आइतिआ’ म्हणजे कारण, तसाच आरोपही. ग्रीकांना बहुधा ‘क्रियेने घडवलेलं’ म्हणायचं होतं. रोमनांनी नेमका आरोप उचलला!

‘अ‍ॅक्यूझ’ येतो ‘आक्कुसारे’वरून: ‘आद’ म्हणजे कडे, ‘काउसा’ म्हणजे खटला. जोडताना ‘आउ’चा ‘ऊ’ झाला, ‘एक्स्क्यूज’मध्येही तेच.

आरोपी मात्र खरोखरच द्वितीयेत येतो, गुन्हा षष्ठीत: ‘मार्कुम फुर्ती आक्कुसात’, मार्कुसवर चोरीचा आरोप करतो. इथे द्वितीयेतलं ‘फुर्तुम’ लिहिलं की चुकलं. हिंसाचाराच्या आरोपाला मात्र षष्ठी नाही, तिथे ‘दे वी’, म्हणजे ‘हिंसेबद्दल’.