तुंबावरचा राग कुठून येतो

ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहराचा फुटबॉल क्लब पाओक हरला की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. संघ ऐन वेळी पुन्हा ढेपाळला, ही पहिली. अथेन्सवाल्यांनी पुन्हा डाव साधला, ही दुसरी. गंमत म्हणजे दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून येतात आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. क्लबचा इतिहास पाहिला तर आपल्यालाही वाटू नये.

पाओकने ग्रीसची लीग चार वेळा जिंकली: १९७६, १९८५, २०१९ आणि २०२४. पहिल्या दोन विजेतेपदांमध्ये नऊ वर्षं, नंतर थेट चौतीस, मग पाच. ग्रीसमधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहरातला सर्वांत जास्त पाठीराखे असलेला क्लब, प्रतिस्पर्ध्यांना धडकी भरवणारं त्याचं तुंबाचं मैदान, आणि कमाई एवढीच. आता दुसरी बाजू. २०२४-२५ च्या हंगामापर्यंत ग्रीसमध्ये ८९ विजेतेपदं दिली गेली. त्यांतली ४८ पिरियसच्या ऑलिम्पियाकोसकडे, २० पानाथिनाइकोसकडे आणि १३ एईकेकडे गेली. म्हणजे अथेन्स आणि त्याला खेटून असलेलं पिरियस बंदर यांनी मिळून ८१ नेली. उरलेल्या आठांत पाओकची चार, त्याच शहरातल्या आरिसची तीन आणि लारिसाचं एक. आरिसने शेवटचं जिंकलं ते १९४६ साली. असा तक्ता समोर असला की उत्तरेतल्या माणसाला संशय घेण्यासाठी वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही.

संशयाचं बी मात्र फुटबॉलच्याही आधीचं आहे. थेस्सालोनिकी ग्रीसमध्ये आलं १९१२ साली. दहा वर्षांनी आशिया मायनरमध्ये ग्रीसचा पराभव झाला, १९२३ मध्ये तुर्कस्तानशी लोकसंख्येची अदलाबदल ठरली आणि निर्वासितांचे लोंढे शहरात येऊन थडकले. इस्तंबूलहून आलेल्या ग्रीकांनी १९२६ मध्ये पाओक स्थापन केला. बोधचिन्ह म्हणून बायझंटाइन साम्राज्याचा दुतोंडी गरुड घेतला, पण मिटलेल्या पंखांचा, गमावलेल्या घराचा शोक म्हणून. दोन वर्षं आधी अथेन्समध्ये एईके स्थापन झाला तोही इस्तंबूलच्याच निर्वासितांचा, आणि गरुडही तोच. पुढे या दोन भावंडांत जे घडलं ते पाहता हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. दक्षिणेतल्या मैदानांवर आजही पाओकच्या लोकांना ‘बल्गेरियन’, म्हणजे उत्तरेकडचे परके, म्हणून डिवचलं जातं.

‘आमच्यावर अन्याय होतो’ या भावनेला नाव आणि चेहरा मिळाला तो १९६६ च्या उन्हाळ्यात. गिओर्गोस कुदास तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि पाओकचा सर्वांत गुणी खेळाडू होता. ऑलिम्पियाकोसने त्याला परस्पर पिरियसला नेलं. त्या काळच्या नियमानुसार क्लबच्या संमतीशिवाय खेळाडूची नोंदणी बदलता येत नसे, आणि पाओकच्या अध्यक्षांनी संमती द्यायला साफ नकार दिला. दोन वर्षं ओढाताण चालली. कुदास लाल-पांढऱ्या जर्सीत मैत्रीपूर्ण सामन्यांपुरता खेळला. अधिकृत सामना एकही नाही. अखेर १९६८ मध्ये तो परत आला आणि पुढे पाओककडून लीगचे ५०४ सामने खेळला. आज पाओक-ऑलिम्पियाकोस सामन्यात जे विष दिसतं, त्याचा उगम बहुतेक जण इथेच दाखवतात. माझ्या मते या प्रकरणाची एक बाजू कमी सांगितली जाते: इथे नियम पाओकच्या बाजूने होता आणि तो शेवटपर्यंत टिकला. सगळंच आपल्याविरुद्ध असतं, या कथेत हे बसत नाही, म्हणून ते मागे पडतं.

कुदासच्याच पिढीने १९७० ते १९७४ अशा सलग पाच चषक स्पर्धांची अंतिम फेरी गाठली आणि त्यांतल्या दोन जिंकल्या, १९७२ आणि १९७४ च्या. १९७६ ला हंगेरीचे प्रशिक्षक ग्युला लोरांट यांच्या हाताखाली पहिली लीग आली. एवढ्या चांगल्या संघाने एकच लीग जिंकावी याचं दुःख जुन्या लोकांना अजून आहे. १९८५ नंतर तर उतरणच लागली. १९९२ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनविरुद्धचा युएफा चषकाचा सामना तुंबावर प्रेक्षकांच्या दंगलीमुळे थांबवावा लागला आणि क्लबवर युरोपातल्या स्पर्धांची बंदी आली. मग कर्जं. या घसरणीत अथेन्सचा हात शोधायचा तर फारच ताणावं लागेल.

ग्रीसमध्ये नियमाचं काय होतं हे समजायला मात्र पाओकपासून थोडं बाजूला, थेसलीच्या सपाट शेतीप्रदेशातल्या लारिसाला जावं लागतं. १९८७-८८ च्या हंगामात हा संघ विजेतेपदाच्या वाटेवर होता. त्यांचा बल्गेरियन खेळाडू त्सिंगोव याच्या उत्तेजक चाचणीत कोडीन हे तेव्हा बंदी असलेलं औषध सापडलं आणि संघाचे चार गुण कापले गेले. लारिसाचे लोक रस्त्यावर उतरले, अथेन्सला थेस्सालोनिकीशी जोडणारा राष्ट्रीय महामार्ग त्यांनी अडवून धरला आणि देशाचे दोन तुकडे झाल्यासारखी अवस्था झाली. सरकार नमलं, गुण परत मिळाले आणि लारिसा विजेता ठरला. अथेन्स-पिरियस आणि थेस्सालोनिकीबाहेर गेलेलं हे आजवरचं एकमेव विजेतेपद. खेळाडूच्या चुकीपायी अख्ख्या संघाला शिक्षा होणं योग्य होतं का, यावर वाद घालता येईल. पण त्यातून सगळ्या देशाने धडा घेतला तो वेगळाच: शिक्षा झाली तर रस्ता अडवा.

पुढची वर्षं त्या धड्याचीच. २०११ च्या जूनमध्ये सामनेनिश्चितीचं मोठं प्रकरण फुटलं. गुप्तचर खात्याने टॅप केलेल्या फोनवरची संभाषणं वर्तमानपत्रांत छापून आली. कावाला आणि ऑलिम्पियाकोस व्होलोस हे दोन क्लब खालच्या श्रेणीत फेकले गेले. नंतरच्या दुसऱ्या एका खटल्यात पिरियसच्या ऑलिम्पियाकोसचे मालक इव्हांगेलोस मारिनाकिस यांच्यावरही आरोप होते. ते २०२१ मध्ये निर्दोष सुटले. पंचांचं जगणं तर कठीणच होतं. २०१४ मध्ये पंच समितीच्या एका पदाधिकाऱ्याला मारहाण झाली आणि लीग थांबली. २०१६ मध्ये पंच समितीच्या प्रमुखाचं घर पेटवलं गेलं, पुन्हा लीग थांबली. त्याच वर्षी फिफाने ग्रीक फुटबॉल महासंघाचा कारभार स्वतः नेमलेल्या समितीकडे सोपवला.

पाओक तोवर इव्हान साव्हिडिस यांच्या हाती आला होता. रशियात नावारूपाला आलेले हे ग्रीक वंशाचे उद्योगपती २०१२ मध्ये आले, त्यांनी पैसा ओतला आणि ‘अथेन्सची मक्तेदारी मोडू’ हा सूर लावला. २०१७ ची चषकाची अंतिम लढत व्होलोसला झाली. पाओकने एईकेला २-१ ने हरवलं, आणि निर्णायक गोल करणारा पेद्रो एन्रिके ऑफसाइड होता. त्या दिवशी ओरड एईकेची होती.

मग २०१८. फेब्रुवारीच्या शेवटी तुंबावर ऑलिम्पियाकोसचे प्रशिक्षक ऑस्कर गार्सिया यांना प्रेक्षकांतून फेकलेलं कागदाचं भेंडोळं लागलं आणि सामना झालाच नाही. पाओकचे तीन गुण कापले गेले, अपिलात ती गुणवजावट रद्द झाली. पाठोपाठ ११ मार्चला एईकेविरुद्धचा सामना होता. विजेतेपद जवळपास या एका लढतीवर ठरणार होतं. गोलशून्य बरोबरी, नव्वदावं मिनिट, फर्नांदो व्हारेलाने हेडरने चेंडू जाळ्यात मारला. ऑफसाइड म्हणून गोल नाकारला गेला. साव्हिडिस अंगरक्षकांसह मैदानात उतरले. कोट उघडा होता आणि कमरेला म्यानातलं पिस्तूल दिसत होतं. ते छायाचित्र जगभर गेलं. पिस्तुलाचा परवाना होता, ते बाहेर काढलं नाही, नंतर माफीही मागितली, हे सगळं खरं. पण पंचाच्या दिशेने चालत जाणाऱ्या मालकाच्या कमरेला पिस्तूल असेल, तर तो नाकारलेला गोल बरोबर होता की चूक, हा प्रश्न कुणी विचारत नाही. पाओकचं सर्वांत मोठं नुकसान त्या संध्याकाळी त्याच्याच मालकाने केलं. सरकारने लीग स्थगित केली. साव्हिडिस यांना तीन वर्षं मैदानबंदी आणि एक लाख युरो दंड झाला. सामना एईकेला बहाल झाला, पाओकचे गुण कापले गेले आणि १९९४ नंतर प्रथमच एईके विजेता ठरला.

पुढच्या हंगामात काय झालं? त्या शिक्षेमुळे पाओकने उणे दोन गुणांवरून सुरुवात केली आणि प्रशिक्षक राझवान लुचेस्कूच्या संघाने तीसपैकी २६ सामने जिंकले, चार बरोबरीत सोडवले. पराभव एकही नाही. वर चषकही घेतला, तोही एईकेला हरवून. ज्या लीगमध्ये आपल्याला जिंकूच दिलं जात नाही असं क्लब सांगत होता, तिथेच त्याने हे करून दाखवलं. आता चाचपडण्याची पाळी इतरांची होती.

२०२० च्या जानेवारीत पुन्हा वादळ. साव्हिडिस यांचे झांथी क्लबशीही मालकीचे संबंध असल्याचा ठपका ठेवून व्यावसायिक क्रीडा समितीने दोन्ही क्लबांना खाली ढकलण्याची शिफारस केली, कारण कायदा तसंच सांगत होता. थेस्सालोनिकी खवळलं. घाईघाईने संसदेत दुरुस्ती झाली आणि पदावनतीच्या जागी गुणवजावट आली. पिरियसमध्ये संताप उसळला आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. लारिसाला महामार्ग अडवावा लागला होता. या वेळी त्याआधीच काम झालं.

आता मोठ्या लढतींना परदेशी पंच बोलावले जातात. पंचांच्या प्रमुखपदीही इंग्लंडचे मार्क क्लॅटनबर्ग, नंतर फ्रान्सचे स्तेफान लानुआ असे बाहेरचे लोक आणले गेले. व्हिडिओ पाहून पंचांना मदत करणारी व्हीएआर पद्धत आली. लीगचा निकाल प्लेऑफच्या, म्हणजे वरच्या संघांच्या वेगळ्या, गटातून ठरू लागला. १९ मे २०२४ ला पाओकने शेवटच्या दिवशी आरिसच्याच मैदानावर २-१ असा विजय मिळवून चौथं विजेतेपद घेतलं.

विजेत्याला युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचं दार उघडतं आणि खरा पैसा तिथे आहे. पाओकला त्याचा मुख्य टप्पा एकदाही गाठता आलेला नाही. २०१८ मध्ये बेनफिकाने अडवलं, २०१९ मध्ये अयाक्सने. २०२० मध्ये बेनफिकाला हरवून पुढे गेले ते क्रास्नोदारकडून हरायला. २०२४ च्या उन्हाळ्यात, ताज्या विजेतेपदानंतर, तुंबावर जादा वेळेत स्वीडनच्या माल्मोने बाहेर काढलं. या चारही लढतींत अथेन्सचा काही संबंध नव्हता.