फ्लोराइडचं किट पीफास दाखवत नाही

वर्तमानपत्रात ‘कायमच्या रसायनां’ची, म्हणजे पीफासची, बातमी आली की आमच्या केळापूर-झरी भागातला पहिला प्रश्न ठरलेला: “म्हणजे आपल्याकडच्या पिवळ्या दातांचंच ना थे?” नाही, थे नाही; पिवळे दात फ्लोराइडचे. दुसरा प्रश्न याहून घातक: “बोअरचा फ्लोराइडचा रिपोर्ट तं चांगला आला, मंग पीफास कायले राहीन?” माझी पीएचडी पिण्याच्या पाण्यातलं पीफास काढण्यावर चालू आहे, त्यामुळे लग्नात जेवायला बसले तरी हेच. एकदाच लिहून टाकते.

फ्लोराइड यवतमाळ-चंद्रपूरच्या माणसाला शिकवायची गरज नाही. खडकातून येतं, आधी दात रंगवतं, मग हाडं धरतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. पुढे चला.

पीफास खडकातून येत नाही. ती माणसाने कारखान्यात बनवलेली हजारो रसायनं आहेत: न चिकटणारे तवे, पाणी न धरणारं कापड, तेलाची आग विझवणारा फेस. त्यातली पीएफओए आणि पीएफओएस ही दोन जास्त बदनाम. पीएफओएला कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये माणसाला कर्करोगकारक ठरवलं. रक्तात गेलं की निम्मं व्हायलाच काही वर्षं लागतात. दातांवर मात्र काही दिसत नाही.

आता खरी मेख. दोन्हीकडे फ्लोरीनच आहे, पण फ्लोराइडमध्ये तो सुटा आहे, ऋण भार घेऊन पाण्यात मोकळा फिरतो. पीफासमध्ये तोच फ्लोरीन कार्बनला बांधलेला आहे, आणि हा बंध सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सगळ्यात घट्ट एकेरी बंधांपैकी. पीएफओएच्या एका रेणूत ८ कार्बन आणि त्यांना जखडलेले १५ फ्लोरीन. कोंडवाड्याच्या वहीत फक्त मोकाट जनावरांची नोंद होते, गोठ्यात बांधलेल्यांची नाही. किटचंही तसंच. गावातल्या बाया फ्लोराइड तपासायला जे किट वापरतात त्यात झिर्कोनियमचा रंग असतो. सुटा फ्लोराइड झिर्कोनियम ओढून घेतो आणि रंग बदलतो. बांधलेला फ्लोरीन त्याला हातही लावत नाही. प्रयोगशाळेतला फ्लोराइड मोजणारा इलेक्ट्रोडही तसाच आंधळा. त्यामुळे फ्लोराइडच्या चांगल्या रिपोर्टवरून पीफासबद्दल काहीच म्हणता येत नाही, ना आहे ना नाही.

शिवाय मापंही वेगळी. अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओएसाठी लिटरला ४ नॅनोग्रॅमची मर्यादा जाहीर केली. आपल्या फ्लोराइडचा १ मिलिग्रॅम म्हणजे १० लाख नॅनोग्रॅम, म्हणजे अडीच लाख पट. आपल्या आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत पीफासला मर्यादाच दिलेली नाही.

फिल्टरचंही याच मेखेवर ठरतं. सुट्या फ्लोराइडला अ‍ॅल्युमिनियम आणि कॅल्शियम आवडतं, म्हणून नागपूरच्या नीरी या पर्यावरण-संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना, किंवा मग सक्रिय अ‍ॅल्युमिनाचा फिल्टर. पीफासची कार्बन-फ्लोरीनची लांब शेपटी पाण्याला बिचकते आणि कोळशाला चिकटते, म्हणून तिथे सक्रिय कोळसा किंवा आयन बदलणारं रेझिन. एकाच्या भरवशावर दुसऱ्याचं काम होत नाही. कोळशाचा फिल्टर ‘फ्लोराइडसाठी’ म्हणून खपवणारा दिसला की माझं डोकं फिरतं. यूव्हीच्या घरगुती यंत्राने दोन्हींचं काही होत नाही, आणि उकळून तर पाणी आटतं, ही दोन्ही मागे राहतात. आरओ दोन्ही अडवतो, हे मान्य. पण अडवलेलं सगळं त्याच्या वाया जाणाऱ्या पाण्यात जातं, आणि गावच्या प्लांटचं ते पाणी नालीत सोडलेलं मी पाहते.

इथेच माझं काम सुरू होतं. कोळसा पीफास पाण्यातून काढतो, मोडत नाही. कोळसा भरला की तो पुन्हा अतिशय तापवून शुद्ध करा किंवा जाळा, म्हणजे प्रश्न पाण्यातून कोळशात गेला. मोडायचं तर कार्बन-फ्लोरीन बंध तुटला पाहिजे: बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याच्या इलेक्ट्रोडवर वीज सोडून, किंवा ३७४ अंशांच्या वर आणि प्रचंड दाबाखालच्या पाण्यात. बंध तुटला की सुटा होऊन बाहेर काय येतं? फ्लोराइड. जे आमच्या गावात कमी करायला धडपडतो, तेच माझ्या प्रयोगात वाढलं की मी खूश.

आणि म्हणूनच ‘९९ टक्के पीएफओए गायब’ असा आलेख मला पुरत नाही. गायब म्हणजे मोडलं असं नाही. ८ कार्बनची साखळी तुटून ४ कार्बनच्या लहान साखळ्या झाल्या असतील, आणि त्या कोळशातूनही लवकर निसटतात. काही भाग भांड्याच्या भिंतीला चिकटला असेल. १ मिलिग्रॅम पीएफओए पूर्ण मोडला तर सुमारे ०.६९ मिलिग्रॅम फ्लोराइड मिळायला हवा. तो हिशोब जुळत नसेल तर शोधनिबंध माझ्यापुढे ठेवू नका.

मामांनी विचारलंच, “म्हणजे तू पाण्यात फ्लोराइड टाकून रायली?” मामा, ४ नॅनोग्रॅम पीएफओए सगळा मोडला तर फ्लोराइड ३ नॅनोग्रॅमसुद्धा होत नाही. तुमच्या बोअरच्या मर्यादेपुढे तो दिसणारही नाही.

तपासायचं असेल तर फ्लोराइडसाठी गावचं किट किंवा जिल्ह्याची पाणी-प्रयोगशाळा पुरते. पीफाससाठी द्रव क्रोमॅटोग्राफी (रसायनं वेगळी करणारी) आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणू वजनावरून ओळखणारी) एकत्र असलेलं यंत्र लागतं. नमुना पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत घ्या, झाकणाच्या आत टेफ्लॉनची चकती नको. नळाच्या आट्यांवरची ती पांढरी टेपही टेफ्लॉनचीच असते, तेव्हा तिथला नमुना टाळा.